भात्यावरचा दगड

चैत्र सरत आला की आमच्या घराची दारं लागेनाशी होतात. लाकूड आटतं, कडी कोयंड्यात बसत नाही, आणि दुपारच्या झळेबरोबर दार उगाचच उघडझाप करत राहतं. सुनेला त्या आवाजाचा वैताग येतो. सुताराला बोलवा म्हणते. मी म्हणते, पाऊस पडू दे, दार आपोआप फुगून जागेवर येईल. ती माझ्याकडं अशी बघते, की म्हातारीला कशाची म्हणून घाई नाही. खरंच नाही.

उमरग्याच्या बाजूचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला कोरडेपणा काय असतो ते कळायचं नाही. घाम आला म्हणेपर्यंत वाळून जातो. ओठ फुटतात, टाचा फुटतात. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल होऊन खडखडायला लागते, मग गाडीवान गाडी नेऊन ओढ्यातल्या डबक्यात उभी करतात. वहाणा रात्रभर बाहेर राहिल्या तर सकाळी पाय आत शिरत नाही. ज्वारी निघून गेलेली, कडब्याच्या गंज्या रचून झालेल्या, रानात नुसती ढेकळं आणि करडईचे काटे. लोक ह्या दिवसांतल्या मोगऱ्याचं आणि कैरीचं कौतुक करतात. करोत बापडे. मला हे दिवस कधी आवडले नाहीत, आणि एका उन्हाळ्यापासून तर नकोसेच झाले.

राज्यं नव्यानं वाटली गेली त्याच्या पुढचा तो उन्हाळा. आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला होता आणि हैद्राबाद, जिथं आमचे लोक कोर्टकचेरीला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला जायचे, ते परराज्य झालं होतं. सोलापूर-हैद्राबाद रस्ता मात्र होता तिथंच होता. त्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडात आमचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान, आणि दुकानाच्या पाठीला आमच्या दोन खोल्या. दुकान माझ्या मालकांचं आणि चांदचं. मालकांचं नाव सिद्राम, पण आख्खा रस्ता त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून इथं मीही अण्णाच म्हणते. समोर असताना कधी म्हणायची सोय नव्हती.

चांद सास्तूरचा. त्याचे वडील निजामाच्या अमदानीत सरकारी मोटार चालवायचे, आणि चांदला चालायला यायच्या आधी स्टिअरिंग धरता आलं असं तो सांगायचा. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पोलीस ॲक्शननंतर त्याचे दोघं भाऊ हैद्राबादला निघून गेले. हा राहिला. का राहिला म्हणून विचारलं तर म्हणायचा, "वैनी, तुमच्या हातची शेंगाची चटणी तिकडं कोण देणार?" त्याची बायको हमीदा मात्र थट्टेत बोलायची नाही. तिचं माहेर, सासर, सगळंच तिकडं गेलेलं. दर सणाला तिचा निरोप ठरलेला: पुढच्या ईदेपर्यंत दुकानाचं काही धड होतं का बघा, नाहीतर आपण जाऊ. आणि दुकानाचं काही धड होत नव्हतं. लॉऱ्या रस्त्यानं भरभर जायच्या, आमच्याकडं थांबायच्या त्या फक्त पंक्चरला आणि पाण्याला.

अशात सोलापूरचा एक शेठ एका दुपारी आमच्या दारात बंद पडला. त्याच्या स्वतःच्या लॉऱ्या हैद्राबादपर्यंत धावत, पण जीव सगळा मोटारसायकलींवर. लढाईत वापरलेल्या लष्करी मोटारसायकली तेव्हा मोडीत मिळायच्या. तो त्या घ्यायचा, इंजिनं उघडून त्यांचा वेग वाढवायचा, आणि उन्हाळ्यात सोलापूरबाहेरच्या माळावर शर्यत लावायचा. आमच्या दुकानातही तसलीच एक लष्करी गाडी होती, चांदची लाडकी. शेठनं तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हिला माझ्या गाडीच्या पुढं काढून दाखवा. माझ्या लॉऱ्यांचं सगळं काम मग उमरग्यालाच."

तो हे हसत बोलला की मनापासून, ते देव जाणे. पण चांदनं ते मनावर घेतलं, आणि चांदनं घेतलं म्हणजे अण्णांनी घेतलंच.

इंजिन म्हणजे काय हे मला तेव्हा भाकरीच्या पिठाएवढंच कळायचं. अण्णांनीच चुलीपुढं बसून समजावलं होतं. पेट्रोलला जळायला हवा लागते. इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. त्यात हवेला आत यायची एक वाकडी वाट असते आणि वाटेच्या तोंडाशी उघडझाप करणारी झडप. ही वाट आतून खडबडीत असली, अरुंद असली, की हवा अडते. कानशीनं घासून वाट मोकळी केली की हवा जास्त शिरते आणि गाडी पळते. मोठ्या शहरात हे मापायची यंत्रं असतात म्हणे. आमच्याकडं भाता होता.

भाता हे लोखंड तापवायचं आमचं साधन. वर फळी, खाली फळी, मध्ये घड्या घातलेलं चामडं. वरची फळी उचलली की खालच्या फळीतल्या झापेतून पोटात हवा भरते, आणि ती झाप हवेला परत जाऊ देत नाही. अण्णांनी काय केलं, भात्याचं तोंड नळीनं रॉकेलच्या रिकाम्या डब्याला जोडलं, डब्यावर हेड बसवलं, आणि भात्याच्या वरच्या फळीवर एक दगड ठेवायचा असं ठरवलं. दगडाच्या वजनानं भाता खाली बसणार, हवा हेडमधून बाहेर पडणार. भाता लवकर बसला तर वाट मोकळी, उशिरा बसला तर अडलेली. चांद वडिलांचं खिशातलं घड्याळ धरून बसायचा आणि सेकंदकाटा कुठवर गेला ते ओरडून सांगायचा. झडपेखाली पैसे सारून ती तीन तऱ्हेनं उघडी ठेवायची: जराशी, अर्धी आणि पुरी. तिन्ही वेळा दगड, तिन्ही वेळा घड्याळ.

सांध्यातून हवा निसटू नये म्हणून कणीक लिंपायची. त्यात माझी आहुती. "ज्वारीचं पीठ चिकटून ऱ्हात न्हाय, गव्हाचं दे," अण्णा म्हणायचे. गहू आमच्याकडं सणाला. मी म्हणाले, "त्या डब्याचं लगीन हाय का बारसं?" तर चांद म्हणाला, "वैनी, आमी जितलो तर तुमाला सोलापुरातनं गव्हाचं पोतं आणतो." पोतं यायचं तेव्हा येवो, मी रोज मूठभर कणीक मळून देत राहिले. खरं सांगते, मला त्या खेळाची गोडी लागली होती.

पहिल्या दिवशी झडप पुरी उघडून दगड ठेवला तेव्हा भाता बसेपर्यंत काटा सातावर गेला. मग चांद हेड मांडीवर घेऊन गोल कानशीनं वाट घासायला बसला. बाहेर रस्त्यावर डांबर पाघळायचं, पत्रा तडतडायचा, आणि आत दिवसभर कानशीचा किसल्यासारखा आवाज. चार-पाच दिवसांनी पुन्हा दगड. काटा सहावर. आनंद झाला की अण्णांच्या तोंडी कानडी यायची. "छलो आत!" म्हणजे झकास झालं, असं ओरडले. आणखी घासलं. पाचावर. आणखी घासलं, पॉलिशच्या कागदानं आतून आरशासारखं केलं. साडेचारावर. आणि नुसती पुरी उघडल्यावर नाही, अर्धी उघडली तरी तेवढाच फरक, जराशी उघडली तरी तेवढाच. तिन्ही मापं बरोबरीनं सुधारत होती. अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "आता ह्याच्यापुढं कुणाची मोटारसायकल टिकत न्हाय." ते सहसा असं बोलत नसत. मोजून-मापून बोलणारा माणूस. त्या महिन्यात त्यांना हसताना जितकं बघितलं तितकं पुढं सगळ्या संसारात बघितलं नाही.

हमीदाही एकदा सास्तुराहून आली. चांदनं तिला पोरीला दाखवावं तसं सगळं दाखवलं: दगड, घड्याळ, चकाकणारी ती वाट. जाताना ती माझ्या हातात हात घालून उभी राहिली. "लॉऱ्या यायला लागल्या तर ऱ्हाता येईल की वैनी," म्हणाली. तिला जायचंच आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते. तिला जायचं नव्हतं. तिला फक्त राहण्याजोगं काहीतरी हवं होतं.

शर्यतीला बायका जायच्या नाहीत, म्हणून मी जे सांगते ते ऐकलेलं. माळावर चुन्याचे पट्टे ओढून गोल रस्ता केला होता. सुरुवातीला चांद पुढं होता. सरळ रस्त्यावर, वेग चढल्यावर, गाडी ठीक पळायची. पण दर वळणाला वेग कमी करावा लागायचा, आणि वळणातून बाहेर पडताना ती उचलायचीच नाही. गुदमरल्यासारखी घरघरायची, आणि ती पुन्हा भरात येईपर्यंत शेठची गाडी धूळ उडवत निघून जायची. एका वळणाला चांदनं जिवावर उदार होऊन वेग कमीच केला नाही, तर घसरून पडला. कोपर सोलून निघालं. उठून पुन्हा बसला. शेवटून दुसरा आला.

एका लॉरीत मोटारसायकल चढवून दोघं परत येत होते तेव्हाचं बोलणं अण्णांनी मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. चांद म्हणाला होता, "अण्णा, हेडमदी कायतरी ऱ्हायलं आपलं." आणि अण्णा म्हणाले होते, "हेडमदी काय न्हाय. आपण मापलंय की. हवा तर लई जाती."

"मग माजाच हात कच्चा पडला म्हणा."

अण्णांना दुसरं काय म्हणता आलं असतं? तिन्ही मापं समोर होती, घड्याळ खोटं बोलत नव्हतं, दगड तोच होता. हवा भरपूर जाते आणि गाडी उचलत नाही, तर मग चालवणारा वळणावर कचरतो, एवढाच अर्थ निघत होता. दोघांनीही तोच काढला. चांदनं आधी काढला.

त्यानंतर तो मोटारसायकलीवर बसला नाही. लोक विचारायचे तर स्वतःच सांगायचा, "गाडी एक नंबर होती, म्याच भ्यालो." थापा मारणारा माणूस, पण ही गोष्ट तो खऱ्यासारखी सांगायचा, कारण त्याला ती खरी वाटत होती. लॉरी दुरुस्त झाली की आधी ती चालवून बघायचं काम त्याचं असायचं. ते त्यानं अण्णांवर ढकललं. ईद झाली, आणि पावसाळ्याच्या तोंडाला चांद आणि हमीदा हैद्राबादला गेले. उमरग्याच्या थांब्यावर मी दशमी बांधून दिली, शेंगाची चटणी दिली. अण्णा म्हणाले, "येत ऱ्हा." चांद म्हणाला, "येतो की." बस धुरळा उडवून गेली. असं बोलून गेलेली माणसं किती परत आली हे आमच्या पिढीला कोणी विचारू नये.

आता भात्याचं सांगते. तो भाता अण्णांनी एका पांचाळाकडून, म्हणजे लोहाराकडून घेतला होता. देताना त्यानं बजावलं होतं, ह्याला तेल फक्त खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला; मध्ये हात लावायचा नाही. लोहाराच्या घरात भाता म्हणजे देव. अण्णांनी तो नेम पाळला, आणि चांदनंही पाळला, इतका की भात्याजवळ जाताना तो वहाणा काढून ठेवायचा. शेतातल्या मोटेचं चामडं आम्ही उन्हाळ्यात रोज भिजवून ठेवायचो, नाहीतर ते तडकतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मोट ती मोट आणि भाता तो भाता. देवाचं चामडं वाळतं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला अण्णा एकटेच हत्यारं पुसत होते. कानशी, पाने, हातोडे मांडून झाले. राख उडू नये म्हणून त्यांनी भात्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला, वरची फळी उचलली आणि घड्यांना तेल लावायला हात मोकळे असावेत म्हणून जवळचा तोच दगड हाताशी घेऊन सहज वर ठेवला. तोंड बंद होतं. हवेला जायला जागाच नव्हती. भाता खाली बसायला नको होता. पण तो हळूहळू बसत गेला, घड्याघड्यांतून सूंऽऽ करत. मी फुलं घेऊन उभी होते. अण्णांनी फळी पुन्हा उचलली, पुन्हा दगड ठेवला. पुन्हा बसला. मग ते तिथंच जमिनीवर बसले.

त्यांनी तेल लावलं, दोन दिवस मुरू दिलं, अडगळीतलं ते हेड काढून पुन्हा डब्यावर बसवलं. मी न मागता कणीक दिली. झडप पुरी उघडली, दगड ठेवला. काटा आठाच्याही पुढं गेला. ज्या दिवशी कानस हातात घेतली नव्हती, त्या दिवशी सातावर होता; म्हणजे भाता त्या दिवशीही थोडा गळतच होता.

हेडमध्ये सुधारणा अशी काही झालीच नव्हती. चैत्र-वैशाखाच्या झळांनी चामडं तडकत गेलं, चिरांतून हवा निसटत गेली, भाता दर वेळी आदल्या वेळेपेक्षा लवकर बसत गेला, आणि आम्ही दर वेळी तो कानशीचा गुण मानत गेलो. कानशीनं केलं ते एवढंच, की वाट नको तितकी रुंद झाली. अण्णांनी मला नंतर सांगितलं, "पाट रुंद केला म्हणून विहिरीचं पाणी वाढत न्हाय. धार तेवढी मंदावती. वळणावर इंजिन हळू फिरायचं तवा हवेला जोरच ऱ्हायला नव्हता." आणि मग कपाळाला हात लावून म्हणाले, "झडप जराशी उघडी आसताना वाट किती बी रुंद केली तर फरक पडायला नको होता गं. तिथं अडतंय ते झडपेशी. तिथं बी तेवढाच फरक दिसला, तवाच कळायला पायजे होतं." तिन्ही मापं एकदम सुधारली ह्याचा आम्हाला सगळ्यात जास्त आनंद झाला होता. तेच खोटेपणाचं लक्षण होतं.

मी म्हणाले, "चांदभाऊला कळवा." त्याचा पत्ता कोणाकडं नव्हता. सास्तुरात त्याच्या घराला कुलूप, शेजाऱ्यांना एवढंच माहीत की आधी कोणा भावाकडं उतरले आणि मग दुसरीकडं गेले. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हैद्राबादी ड्रायव्हरला विचारायचे. पाच-सहा उन्हाळे गेले. दुकानात आता लॉऱ्या बऱ्या थांबत होत्या, त्या शेठच्या नव्हे, दुसऱ्याच. दोन पोरं कामाला होती. आणि अण्णा प्रत्येक लॉरी स्वतः चालवून बघत होते, ज्या कामात त्यांना कधीच गोडी नव्हती.

सास्तूर आता जुन्या जागेवर नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नवीन वसलं, चौकोनी, सरळ रस्त्यांचं. मागं एका लग्नाला गेले होते तेव्हा चांदचं घर कुठं होतं ते मला कोणी दाखवू शकलं नाही. मलाही ओळखता आलं नाही. माणूस गेला, घर गेलं, ज्या गावाला चांदची ती शर्यत ठाऊक होती तेही गेलं. मी त्या लग्नात जेवले, लाडू चांगला होता. परत येताना गाडीत नातू म्हणाला, आजी झोपली. मी झोपले नव्हते.

पण हे फार नंतरचं. चांद सापडला तो त्या पाच-सहा उन्हाळ्यांनंतर, एका ड्रायव्हरमुळं. हैद्राबादेत एका गल्लीत सायकलींना हवा भरायचं आणि पंक्चर काढायचं दुकान घालून बसला होता. अण्णा दुसऱ्याच दिवशी निघाले. भात्याचं चामडं मधल्या काळात बदललं होतं. जुन्या चामड्याची एक तडकलेली पट्टी त्यांनी जपून ठेवली होती, ती धोतराच्या फडक्यात बांधून घेतली. मी म्हणाले, "आता एवढ्या वर्सांनी त्याला काय करायचंय ते?" तर म्हणाले, "त्याला करायचंय."

परत आले तेव्हा फडकं हातातच होतं. मग एका दुपारी, दार झळेनं उघडझाप करत होतं तेव्हा, आपण होऊन सांगितलं.

चांदनं त्यांना बघून मिठी मारली. हमीदानं जेवायला बसवलं. पोरं शाळेत जाणारी, मराठी न येणारी. जेवण झाल्यावर अण्णांनी सगळं सांगितलं: बोळा, दगड, तेल, आठाच्या पुढं गेलेला काटा. तडकलेली पट्टी पुढं ठेवली. "तुजा हात कच्चा नव्हता चांद. मापच खोटं होतं. सगळी चूक भात्याची, आन् ती न बगणाऱ्या माजी."

चांदनं पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, चिरांवरून अंगठा फिरवला. मग घडी करून अण्णांच्या हातात परत दिली. हमीदाकडं वळून तो हसला आणि म्हणाला, "बघ, म्या सांगत नव्हतो? अण्णा आसंच हायेत. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणार." आणि अण्णांना म्हणाला, "चामडं काय, उनाळ्यात सगळ्यांचंच तडकतंय अण्णा. मला बरं वाटावं म्हणून तुमी एवढ्या लांब आलाव, तेच लई झालं."

अण्णांनी पुन्हा समजावलं. शपथ घेतली. चांद मान हलवत राहिला, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसा. संध्याकाळी तो अण्णांना बसच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला, चालत. शेजाऱ्याची मोटारसायकल दारात उभी होती आणि शेजारी किल्ली देत होता.